‘नेहमीएवढं’ म्हणजे नक्की किती? आमच्या घरात वाया जाणाऱ्या अन्नाचा हिशेब

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई आमची बादली उपडी करताकरता थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, पोळ्या ओल्या कचऱ्यात नका टाकत जाऊ. वेगळ्या पिशवीत ठेवा, शेळ्यांना नेते मी. तुमच्याकडं रोजच निघतात.”

‘रोजच निघतात’ हे ऐकून मी दारातच उभी राहिले. आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की आमच्याकडे अन्न वाया जात नाही. सासूबाईंना ताटात टाकलेलं चालत नाही, मुलं लहानपणापासून ताट पुसून उठतात. पण पुण्यात घरोघरचा कचरा या कचरावेचक बायका रोज स्वतःच्या हाताने वेगळा करतात. कुणाकडे काय उरतं हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? त्यांनी सांगितलेलं मला खोडून काढता येईना. म्हणून ठरवलं, चार आठवडे मोजून बघायचं.

घराची माहिती आधी देते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सिंहगड रस्त्यावरचा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट. मी आणि नवरा, दोघंही नोकरी करणारे. मुलगा दहावीत, संध्याकाळी क्लास. सासूबाई चौसष्ट वर्षांच्या, स्वयंपाकघराची सूत्रं त्यांच्याकडे. पोळ्यांना मावशी येतात. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले आणि मुलगी वर्षभर आधीच शिकायला बाहेरगावी, हॉस्टेलवर गेली. म्हणजे पूर्वी सहा माणसं जेवायची, आता चार.

मोजणी १ ते २८ जुलै अशी केली. फ्रीजला दोरीने एक वही अडकवली, शेजारी छोटा वजनकाटा. साली, बिया, चहाचा चोथा, हाडं मोजायची नाहीत. खाण्याजोगं असून जे टाकलं, तेवढंच. रकाने चार: काय, किती ग्रॅम, अंदाजे किंमत, आणि का. पहिल्या आठवड्यात ‘का’च्या रकान्यात सगळ्यांनी ‘उरलं’ किंवा ‘खराब झालं’ एवढंच लिहिलं. त्याचा काही उपयोग नव्हता. दुसऱ्या आठवड्यापासून मी एक प्रश्न पुढे विचारायला लागले, उरलं ते का उरलं? तेव्हा खरी उत्तरं यायला लागली. ‘मुलगा क्लासवरून वडापाव खाऊन आला.’ ‘पालक आहे हे लक्षातच नव्हतं, वर कोबी ठेवला होता.’ ‘डिलिव्हरी फुकट मिळावी म्हणून चीज घेतलं होतं.’ माझं ठाम मत आहे, की असा हिशेब कुणी ठेवणार असेल तर वजनाचा रकाना एकवेळ गाळावा, ‘का’चा गाळू नये.

अठ्ठावीस दिवसांत १३.६ किलो अन्न टाकलं होतं. त्यातलं शिजवलेलं ६.९ किलो: भात २.९, पोळ्या १.६ (मोजून चाळीस), भाज्या-आमट्या २.४. कच्ची भाजी ३.४ किलो, तीत निम्म्याहून जास्त पालेभाजी आणि कोथिंबीर. फळं १.७. बाकीचं १.६ किलो म्हणजे ब्रेड, दही, आंबलेलं इडलीचं पीठ, बुरशी आलेलं चीज.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातल्या घरांसाठी माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो असा अंदाज आहे, जगाची सरासरी ७९ किलो. त्या आकड्यांत साली-हाडंही धरलेली असतात. आमचे १३.६ किलो वर्षावर नेले तर माणशी ४४ किलो होतात, आणि तेही साली न धरता. ताट पुसून उठणाऱ्यांच्या घरात!

पैशांचा हिशेब मात्र वजनापेक्षा वेगळा निघाला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. टाकलेला पावणेतीन-तीन किलो भात म्हणजे किलोभर तांदूळ, जेमतेम ७५ रुपये. चाळीस पोळ्या म्हणजे ५० रुपयांची कणीक. भाज्या-आमट्या २४० रुपयांच्या, कच्ची भाजी २६० ची. पण फळं फक्त १.७ किलो आणि किंमत २७० रुपये. आणि ते ‘बाकीचं’, वजनाला सगळ्यात कमी, ते ३१० रुपयांचं. एकूण १,२०५ रुपये. त्या चार आठवड्यांत किराणा, भाजी, फळं, दूध मिळून १४,८०० रुपये खर्च झाले होते. म्हणजे शंभरातले आठ रुपये थेट बादलीत. गॅस, तेल, मावशींची आणि सासूबाईंची मेहनत यात धरलेली नाही.

म्हणजे डोळ्यांना खुपतो तो भात, खिसा रिकामा होतो तो फळांनी आणि पाकिटांनी. दोन्हींवर उपाय करायचे, पण वेगवेगळे.

भाताचं आधी सांगते, कारण ते सोपं वाटलं होतं आणि तेच सगळ्यात अवघड निघालं.

सासूबाईंकडे एक पितळी फुलपात्र आहे, कडेला थोडं चेपलेलं, आतून कल्हई उडालेलं. तांदूळ मोजायला तेच. रात्रीच्या भाताला दीड फुलपात्र, ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून. दीड म्हणजे एक शीगोशीग आणि दुसरं बोटांच्या खुणेने अर्धं. पोळ्यांच्या मावशी रोज विचारायच्या, “आजी, किती करू?” आणि सासूबाई देवघरातूनच सांगायच्या, “नेहमीएवढ्या.” नेहमीएवढ्या म्हणजे अठरा. हा आकडा सासरे होते तेव्हाचा, मुलगी घरी होती तेव्हाचा. माणसं कमी झाली, पण माप तेच राहिलं. कुणी ते बदलायला हवं असं बोललंच नाही, कारण ते बोलणं म्हणजे सासरे गेले हे पुन्हा एकदा स्वयंपाकघरात म्हणणं होतं. मला हे वही वाचताना कळलं, आणि त्या रात्री मी वही मिटून ठेवली.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली, जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. सगळ्यात जास्त भात टाकला गेला तो ३ आणि १८ जुलैला. कालनिर्णय बघितलं, २ जुलैला योगिनी एकादशी, १७ ला आषाढी. एकादशीला आमच्याकडे सासूबाईंचा उपास, पण साबुदाण्याची खिचडी सगळेच खातात, वर दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते खोटं नाही. आणि ‘आपल्याला नाही उपास’ म्हणून कुकर नेहमीएवढाच लागायचा. २.९ किलोतला १.१ किलो भात फक्त या दोन दिवसांचा होता.

मी एका संध्याकाळी सासूबाईंना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, “माझ्या हातचं मोजायला लागलीस होय?”

मी म्हटलं, “तुमच्या हातचं नाही हो आई, बादलीतलं मोजलंय.”

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडताना आपणहून बोलायला लागल्या. त्यांचं माहेर मंगळवेढ्याजवळचं. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, पण १९७२ च्या दुष्काळात त्या बारा वर्षांच्या होत्या आणि घरात ज्वारीचा दाणा नव्हता. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीची, भाकरी खाल्ली, आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे तिथं मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, खाल्ली. एकदा मामा अचानक आले आणि घरात वाढायला काही उरलं नव्हतं. “आईनं रिकामी परात उगाच घासत बसल्यासारखं केलं गं. ते तोंड मी विसरले नाही. तेव्हापासून माझा हात आखडत नाही.”

आम्ही अन्न वाया जाण्याबद्दल बोलताना ‘लोकांना किंमत नाही’ असं सहज म्हणून जातो. आमच्या घरात ज्या माणसाला अन्नाची सगळ्यात जास्त किंमत होती, त्याच माणसाच्या हातून सगळ्यात जास्त उरत होतं. कमी पडण्याची भीती हे त्याचं कारण होतं. ती भीती ‘टाकू नका हो’ म्हटल्याने जाणार नव्हती. ‘कमी पडलं तर काय?’ याचं पक्कं उत्तर हवं होतं.

ते उत्तर आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. बेसन, जाड पोहे, शेवया, सहा अंडी आणि एक दुधाची पिशवी, एवढं घरात कायम असणार. यातलं काही संपत आलं तर आधी ते आणायचं, मग बाकीचं. पाहुणा आला तर पिठलं दहा मिनिटांत होतं, आणि गरम पिठलं-भाकरीला पुण्यात कुणी नाही म्हणत नाही. सासूबाईंनी यात स्वतः एक भर घातली: तांदूळ एक फुलपात्रच घ्यायचा, पण वरचं अर्धं फुलपात्र धुऊन, निथळून बाजूला ठेवायचं. लागलं तर टाकू, नाही लागलं तर सकाळी त्यात उडीद डाळ भिजत घालून घावन. ऑगस्टभर हे धुतलेलं अर्धं फुलपात्र ओट्यावर असायचं. सप्टेंबरमध्ये कधी तरी ते ठेवणं त्यांनी आपोआप बंद केलं. नंतरच्या महिन्यांत जेवण खरोखर कमी पडलं ते दोनदा. दोन्ही वेळा पिठलं झालं.

पोळ्यांसाठी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सातच्या आत ज्याने त्याने आपला आकडा टाकायचा, डबा धरून. मावशी आता ‘किती करू’ विचारत नाहीत, ओट्याच्या वरच्या टाइलवर खडूने लिहिलेला आकडा बघतात. बहुतेक दिवशी तेरा किंवा चौदा असतो. आणि दर महिन्याच्या एक तारखेला कालनिर्णयवर उपास, लग्नकार्य, नवऱ्याचे दौरे, मुलाच्या क्लासच्या परीक्षा अशा सगळ्या खुणा करून ठेवतो. एकादशीच्या चौकोनात सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं असतं: ‘कुकर नाही’.

उरलेल्याचं काय करायचं, हे मराठी घरांना शिकवायची गरज नाही. फोडणीची पोळी, कुस्करा, भाताचे वडे, उरलेल्या आमटीत चकोल्या, कालच्या भाजीत पीठ मळून थालीपीठ. आम्ही शुक्रवारची रात्र त्यासाठी राखून ठेवली, त्या दिवशी नवीन भाजी करायची नाही. पण एका बाबतीत मी घरात आग्रह धरला. सासूबाई सकाळच्या फोडणीच्या भातासाठी रात्रीचा भात कुकरच्याच भांड्यात ओट्यावर झाकून ठेवायच्या. भातात शिजवल्यावरही टिकून राहणारे जिवाणू असतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं विष नंतर कितीही खरपूस परतलं तरी जात नाही. म्हणून उरलेला भात ताटात पसरून लवकर गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. तसंच बुरशीचं. ब्रेडच्या एका कापाला बुरशी दिसली तर पूर्ण पाकीट टाकायचं, शेंगदाण्यांना बुरशीचा वास आला तर सगळे टाकायचे. पैसे वाचवण्यासाठी पोट बिघडवून घेणं मला मान्य नाही, आणि दवाखान्याचं एक बिल वर्षाची बचत खाऊन टाकतं.

आता बाजाराकडे.

रविवारी आम्ही दोघं गाडीवरून जाऊन आठवड्याची भाजी आणायचो. थकलेलो असायचो, म्हणून एकदाच सगळं. भाजीवाला सांगायचा, “पाव किलो वीस, अर्धा घ्या तीसला देतो.” मी अर्धा घ्यायची आणि दहा रुपये वाचले म्हणून बरं वाटायचं. वहीतून एकदा गवारीचा हिशेब काढला. तीस रुपयांची अर्धा किलो आणली, त्यातली दोनशे ग्रॅम काळी पडून गेली. म्हणजे तीनशे ग्रॅमला तीस, शंभरला दहा. पाव किलो वीसला घेतली असती तर शंभरला आठ पडले असते. स्वस्त म्हणून घेतलेली भाजी महाग पडली होती. पालेभाजीच्या दोन जुड्यांचं तर नेहमीच असं व्हायचं. दुसरी जुडी निवडायला सवड मिळेपर्यंत पिवळी.

आता रविवारी फक्त टिकणारं आणतो: कांदे, बटाटे, कोबी, दुधी, गाजर, लाल भोपळा. पालेभाजी आणि टोमॅटो बुधवारी ऑफिसवरून येताना, लागतील तेवढे. पालेभाजी आणली की त्याच रात्री निवडायची. टीव्ही बघत मुलगाही निवडतो. कोथिंबीर न धुता, मुळं आणि सडकी पानं काढून, जुन्या सुती कापडात गुंडाळून डब्यात. आमच्याकडे ती आता आठ-दहा दिवस सहज राहते. मिरच्यांचे देठ काढायचे. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत असायचे, ते वेगळे केले. पिकलेली केळी बाकीच्या फळांपासून लांब टांगतो. पुण्याच्या पावसाळ्यात रवा आणि बेसन यांची वेगळी कथा: जुलैत रव्याला जाळी धरली, म्हणून आता रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून ठेवतो आणि पावसाळ्यात एका वेळी अर्ध्या किलोच्या वर काहीच आणत नाही.

फ्रीजमध्ये केलेला बदल दिसायला किरकोळ होता. आमच्याकडे सगळं स्टीलच्या डब्यांत असायचं, आणि बंद डब्यात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. वाटीभर मटकीची उसळ चार दिवस तिथेच बसून आंबायची. मी चार काचेचे डबे आणले आणि मधल्या खणात एक ट्रे ठेवला. त्यावर मुलाने ‘आधी हे’ असं लिहून चिकटवलं. उरलेली भाजी, उघडलेलं दही, अर्धा कापलेला कांदा, मऊ पडत चाललेले टोमॅटो, सगळं त्या ट्रेमध्ये. स्वयंपाकाला लागण्याआधी सासूबाई तो ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवतात. शिजवलेलं जे वाया जायचं त्यातलं बरंच यानेच कमी झालं, असं मला वाटतं.

पाकिटांबद्दल थोडंच सांगते, कारण उपाय एकच होता: फोनवरून मागवणं आठवड्यातून एकदा आणि यादी करून. फुकट डिलिव्हरीसाठी सत्तर रुपयांचं काही तरी भरीला घालायची सवय मोडली. मुलगा मात्र उलट चूक करायचा, पाकिटावरची तारीख उलटली की न उघडलेलं बिस्किटही फेकायचा. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि दर्जाची तारीख असते, ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही मात्र पाळायचीच, हा फरक त्याला पाकिटं समोर ठेवून दाखवला.

जे जमलं नाही तेही सांगते. आठवड्याचा जेवणाचा तक्ता छान रंगवून लावला होता, तो दहा दिवस टिकला. आमच्या घरात सकाळी ठरतं आणि संध्याकाळी बदलतं. दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या देठांची भाजी, मुळ्याच्या पाल्याचा झुणका हे सगळं केलं, चवीला उत्तम, पुढेही करू. पण त्याने खर्चात फरक पडला नाही, कारण ते आमच्या गळतीचं ठिकाणच नव्हतं. आणि शेळ्यांना पोळ्या देऊन मनाला बरं वाटायचं, तेही तपासून बघावं लागलं. पोळी शेळीच्या पोटात गेली हे चांगलंच, पण कणकेचे पैसे आणि मावशींचे कष्ट परत येत नाहीत.

दुसरी मोजणी १ ते २८ डिसेंबर. थंडीत भाजी स्वस्त असते, म्हणून तुलना खरी राहावी यासाठी टाकलेल्या मालाला जुलैचेच दर लावले. एकूण ४.३ किलो: शिजवलेलं १.५, कच्ची भाजी १.१, फळं १.२, बाकीचं अर्धा किलो. किंमत ४४० रुपये. चार आठवड्यांत ७६५ रुपये वाचले, वर्षाचे दहा हजारांच्या आसपास. एकूण बिलही कमी आलं, पण त्यातलं ऋतूमुळे किती आणि आमच्यामुळे किती हे वेगळं काढता येत नाही, म्हणून तो आकडा मी धरत नाही.

फळांचं मात्र अजून सुटलेलं नाही. ४४० पैकी १९० रुपये फळांचेच आहेत. पपई कापली की दोन दिवस सगळे खातात, तिसऱ्या दिवशी कुणी हात लावत नाही. घरी येणारे पाहुणे डझनभर केळी आणतात. सध्या पपई शेजारच्या काकूंबरोबर अर्धी-अर्धी घेतो, केळी जास्त झाली की शिकरण.

दिवाळीत मुलगी हॉस्टेलवरून घरी आली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी तांदळाचा डबा काढला, एक फुलपात्र घेतलं, हात थांबवला आणि आतल्या खोलीकडे बघून विचारलं, “अगं, ती भात खाणार आहे का रात्री?” मुलगी म्हणाली, “खाणार, आजी.” मग त्यांनी दुसरं फुलपात्र बोटांच्या खुणेपर्यंत भरलं.